चवथीचा चंद्र एवढा भरलेला कसा?

संकष्टीला रात्री नऊ वाजून गेले की आमच्या इमारतीच्या गच्चीवर हळूहळू माणसं जमायला लागतात. हातात पाण्याचा तांब्या, ताटलीत हळदकुंकू, अक्षता आणि दूर्वांची जुडी, पोटात सकाळच्या साबुदाण्यापलीकडे काही नाही. त्यात खालच्या कुठल्यातरी स्वयंपाकघरातून उकडीच्या मोदकांचा वास वर येतो आणि सगळ्यांची चिडचिड आणखी वाढते. दिनदर्शिकेत चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, पण पूर्वेला सात मजल्यांची नवी इमारत उभी राहिल्यापासून छापील चंद्रोदय आणि आमच्या गच्चीचा चंद्रोदय यांच्यात पाऊण तासाचा फरक पडलाय. फाल्गुनातली गोष्ट. दुसऱ्या दिवशी रंगपंचमी, त्यामुळे पोरं फुग्यांत पाणी भरत टाकीच्या नळाशी बसलेली. फरशी अजून दिवसभराच्या उन्हाने कोमट होती. पलीकडच्या गच्चीवरून "दिसला का हो?" अशी विचारणा दोनदा झाली आणि शेवटी एकदाचा तो त्या इमारतीच्या डोक्यावरून वर आला. वरच्या अंगाने जरासा चेपलेला, बाकी भरगच्च. आईने अर्घ्य दिलं, अक्षता वाहिल्या आणि मग त्याच्याकडे जरा संशयानेच बघत म्हणाली, "होळी होऊन चार दिवस झाले ना रे? मग हा अजून एवढा भरलेला कसा? आणि आता चार दिवसांनी बघ, एकदम अर्धा होईल. आधी बसून राहतो आणि मग पळत सुटतो."

मी कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला गणित शिकवतो. म्हटलं, "आई, कॉस आहे तो, त्रिकोणमितीतला." ती "असेल" म्हणाली आणि मोदक खायला खाली गेली.

तिच्या दृष्टीने विषय तिथेच संपला, मला मात्र तो सुटेना. जिना उतरताना मनात आलं, वक्राचा चढ कुठे मंद असतो आणि कुठे तीव्र, हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो, पण हा प्रश्न असा सरळ, आकाशाकडे बोट दाखवून, वर्गात आजवर कुणी विचारलेला नाही. आईचा हिशेब अगदी चोख होता. पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत पंधरा तिथ्या. चंद्र रोज सारखाच झिजत असता तर चवथ संपेपर्यंत त्याचा पाव भाग जाऊन वर थोडा आणखी जायला हवा होता. प्रत्यक्षात वद्य चतुर्थी लागते तेव्हा नव्वद टक्के बिंब उजळ असतं आणि ती संपते तेव्हाही त्र्याऐंशीच्या वर. म्हणजे चार तिथ्यांत जेमतेम सहावा हिस्सा गेला. संकष्टीचा चंद्र बायकांना वर्षानुवर्षं जवळजवळ पूर्णच दिसत आलाय आणि त्यात डोळ्यांची काही चूक नाही.

सूत्र तसं एका ओळीचं आहे. आकाशात सूर्यापासून चंद्र किती अंश पुढे गेला ते घ्यायचं, त्याचा कॉस काढायचा, तो एकातून वजा करायचा आणि आलेल्या उत्तराला दोनाने भागायचं. बिंबाचा उजळ वाटा हातात येतो. आणि या अंशांसाठी कुठे लांब जायला नको, कारण तिथी म्हणजे दुसरं काय, सूर्य आणि चंद्र यांच्यातलं बारा अंशांचं अंतर. अमावास्येला शून्य, पौर्णिमेला एकशे ऐंशी, आणि अष्टमीच्या बरोबर मध्यावर काटकोन. मी त्या रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉपवर तीस तिथ्यांचा तक्ता मांडून बसलो. अष्टमीच्या एकट्या तिथीत बिंब साडेदहा टक्क्यांनी बदलतं. उलट शुद्ध चतुर्दशी लागल्यापासून वद्य द्वितीया संपेपर्यंतच्या चार तिथ्या घेतल्या, तर या साऱ्या काळात चंद्र पूर्णापासून साडेचार टक्क्यांपेक्षा जास्त ढळतच नाही. कोजागरीचं दूध एक दिवस आधी आटवलं काय आणि एक दिवस नंतर आटवलं काय, वाटीत दिसणारा चंद्र तोच असणार. (हे घरी बोलायचं नाही.)

आकडे पटले तरी आईला ते सांगायचे कसे? तेव्हा वरसोलीच्या विठोबाची यात्रा आठवली. कार्तिक वद्य एकादशीला सुरू होणारी ती यात्रा म्हणजे आमच्या अलिबागकर पोरांची दुसरी दिवाळी. तिथला आकाशपाळणा तेव्हा लाकडी होता, खांबावर चढलेली दोन माणसं तो हातापायांनी ढकलायची आणि आख करकर वाजायचा. एका वर्षी बाबांनी मला बसू दिलं नाही, नुकताच ताप उतरला होता. मी फुगलेल्या तोंडाने बाजूला, अगदी पाळण्याच्या कडेच्या रेषेत, बत्ताशांच्या दुकानाशी उभा राहिलो. तिथून पाळण्याचा गोल गोल दिसतच नव्हता, नुसता एक उभा काळा पट्टा दिसायचा. एका खोक्यातल्या मुलाच्या हातात बॅटरी होती, तिचा ठिपका त्या पट्ट्यावरून वर जायचा आणि खाली यायचा. पाळणा एकाच गतीने फिरत होता, पण ठिपका वर पोचला की रेंगाळायचा, खाली आला की रेंगाळायचा, आणि मधल्या भागात सर्रकन निघून जायचा. मला वाटलं होतं तो मुलगा मुद्दाम हात हलवतोय. जमिनीपासून त्या ठिपक्याची उंची म्हणजेच एक वजा कॉस. चंद्राचंही तेच. त्याच्या गोळ्यावरची उजेड-काळोखाची सीमा हे एक वर्तुळच असतं. ते एका चालीने फिरतं, पण आपण ते समोरून, सपाट थाळीवर बघतो. कडेला आलं की रेंगाळतं, मधोमध आलं की धावतं. दुसऱ्या दिवशी हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तो पाळणा आठवतो मला. तू घरी येईपर्यंत रडत होतास."

बॅटरीबद्दल काही बोलली नाही.

आमच्या पुस्तकांत साइन-कॉसच्या आलेखाखाली आडव्या अक्षावर फक्त थीटा, म्हणजे कोन, लिहिलेला असतो. तो थीटा कशाचा, कुणाचा, कुठे राहतो, याचा पत्ता नसतो. मुलं 'ऑल सिल्व्हर टी कप्स' घोकतात, कुठल्या चरणात कोण धन आणि कोण ऋण ते अचूक सांगतात आणि परीक्षा झाली की सगळं विसरतात. म्हणून दिवाळीनंतर, आकाश स्वच्छ झाल्यावर, वर्गाला एक काम दिलं. महिनाभर जमेल तेव्हा मोबाइलवर चंद्राचा फोटो काढायचा. फोन चंद्राचा नुसता पांढरा गोळा करून टाकतो, त्यामुळे आधी चंद्रावर बोट टेकवायचं आणि बाजूला येणारं सूर्याचं चिन्ह खाली खाली ओढत न्यायचं, बिंबावरचे करडे डाग दिसेपर्यंत. मग फोटो मोठा करून पट्टीने मोजायचं. उजळ भागाची जाडी किती आणि पूर्ण व्यास किती. कोरीचा व्यास कसा मोजायचा असं लगेच एकाने विचारलं. त्याची सोय चंद्रानेच केलेली आहे: दोन्ही शिंगांच्या टोकांमधलं अंतर म्हणजे नेहमी पूर्ण व्यास, मग कोर कितीही बारीक असो. जाडीला व्यासाने भागा आणि आलेखावर ठिपका द्या. बिंबाच्या क्षेत्रफळाचा उजळ वाटाही तेवढाच भरतो, हे या प्रकरणातलं एक अनपेक्षित सुख आहे.

वह्या आल्या. बऱ्याच जणांच्या बारीक कोरी प्रमाणापेक्षा जाड भरल्या होत्या, कारण फोनला अंधारात उजेड पसरवून दाखवायची खोड असते. काहींनी सरळ नेटवरून आकडे उतरवले होते, ते ओळखू येतातच. पण एका मुलीची वही बघताना मी थांबलो. तिच्या आलेखावरचे ठिपके गोंडस वक्रावर नेमके बसलेले होते आणि कागद मात्र अष्टमीच्या जवळ खरवडलेला, खोडरबराने जरा पातळ झालेला. उजेडात धरला तेव्हा जुने ठिपके दिसले. वक्राच्या थोडेसे वर, सगळे एकाच बाजूला. तिला विचारलं तर खाली मान घालून म्हणाली, "सर, फॉर्म्युल्यात बसत नव्हते." तिची मोजणी चांगली होती. सूत्राने तिला धाक घातला होता, आणि त्या सूत्रामागे फळ्याजवळ मी उभा होतो. रागवावं की शाबासकी द्यावी ते कळेना.

खरी भानगड अशी की तिने आडव्या अक्षावर दिवस घेतले होते आणि कॉसला अंश लागतात. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस, थोडं काटेकोर बोलायचं तर २९ दिवस १२ तास ४४ मिनिटं. पण ही झाली सरासरी. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार, त्यामुळे पृथ्वीजवळ असताना तो भराभर चालतो, लांब गेला की रमतगमत. हा फेरा साडेसत्तावीस दिवसांचा आणि त्यामुळे चंद्र सरासरी जागेपासून सहाएक अंश पुढे किंवा मागे सापडतो. तो फरकही पुन्हा साइनच्याच तालात चालतो. म्हणजे कॉसच्या पोटात एक साइन. पौर्णिमेजवळ या सहा अंशांनी काही बिघडत नाही, तिथे वक्र सपाट असतो, चूक दिसतच नाही. अष्टमीला मात्र तोच फरक पाच-सहा टक्के होऊन वर येतो, बरोबर त्या मुलीच्या वहीत आला तसा. घराघरांत याचा दुसरा पुरावा भिंतीवर टांगलेला असतो. तिथी सरासरी २३ तास ३७ मिनिटांची, पण कधी वीस तासांत आटोपते, कधी सव्वीसच्या वर लांबते. म्हणून एखादी तिथी सूर्योदयाला भेटतच नाही आणि तिचा क्षय होतो, एखादी दोन सूर्योदय बघते आणि तिची वृद्धी होते. एकादशी आज की उद्या यावरून आमच्याकडे दर वर्षी दोन फोन तरी होतात. त्या वादाच्या मुळाशी ही सहा अंशांची साइन आहे. मी मुलीला जुने ठिपके पेनने गिरवायला लावले. तिने गिरवले, पण "मार्क कापणार नाही ना?" हे आधी विचारून.

आता या सगळ्यात नवं काहीच नाही. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचार्यांच्या 'महाभास्करीया'त चंद्राचा उजळ भाग काढायचा नियम दिलेला आहे: सूर्य-चंद्रांच्या अंतराची उत्क्रमज्या घ्या, चंद्रबिंबाने गुणा, ६८७६ ने भागा. हा आकडा आधी अंगावर येतो. पण आर्यभटाच्या परंपरेत वर्तुळाची त्रिज्या ३४३८ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) धरतात आणि ६८७६ म्हणजे तिची दुप्पट. उत्क्रमज्या म्हणजे त्रिज्येतून कोटिज्या वजा, आपल्या भाषेत एक वजा कॉस. ओळीला ओळ जुळते. याच भास्कराचार्यांनी कोष्टक न बघता साइन काढायची एक रीतही दिली आहे: अंशांना १८० मधल्या उरलेल्या अंशांनी गुणा, आलेल्या गुणाकाराची चौपट वर, आणि ४०५०० मधून तो गुणाकार वजा करून खाली. तीस अंशांना ही रीत बरोबर अर्धा देते. पंचेचाळीसला तिसऱ्या दशांश स्थळी जराशी घसरते, तेवढीच. वर्गात मुलांना कॅल्क्युलेटर बाजूला ठेवायला सांगून हे करायला लावलं, तेव्हा तासाच्या शेवटी पहिल्यांदाच कुणी घंटेकडे बघत नव्हतं.

पण माझा खरा जीव जडलाय तो जवळच्या माणसावर. अलिबागहून मुरूडला जाताना काशीद मागे पडलं की नांदगाव लागतं. आई अंगारकीला तिथल्या सिद्धिविनायकाला जायची, एसटीत उभं राहून, आणि येताना सुपारी आणायची. त्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, 'ग्रहलाघव' लिहिलं आणि त्यात ज्या-चापांना, म्हणजे साइनच्या सगळ्या हिशेबाला, चक्क रजा दिली. सूर्यचंद्र आणि ग्रह यांचं सगळं गणित नुसत्या गुणाकार-भागाकारांवर आणलं. दिवसांची मोठमोठी मोजणी टळावी म्हणून अकरा वर्षांचं, ४०१६ दिवसांचं एक चक्र धरलं, म्हणजे हिशेबातले आकडे लहान राहतात. पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्रातली पंचांगं या ग्रंथावर निघाली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'त त्यांच्याविषयी लिहिलंय (दीक्षितही मुरूडचे, पण दापोलीच्या मुरूडचे, आमच्या जंजिऱ्याच्या नव्हे). कॉलेजात असताना मला हे सगळं जरा कमअस्सल वाटायचं. साइन असताना साइन टाळायची कशाला? आता वाटतं, खेड्यातल्या जोशाला कोष्टकांची पोथी न उघडता पाटीवर चतुर्थी काढता यावी, यासाठी जो साइनला इतक्या जवळून ओळखतो तोच तिला बाजूला ठेवू शकतो. तरी मनातला गणिताचा मास्तर थोडा कुरकुरतोच.

एक गोष्ट मात्र कॉस सांगत नाही. अष्टमीला बिंब अर्धं असतं, मग उजेडही पौर्णिमेच्या निम्मा असायला हवा ना? किनाऱ्यावर रात्री फिरलेल्या कुणालाही विचारा. पौर्णिमेला पुळणीवर आपली सावली सोबत चालते, शिंपल्यांच्या कडा दिसतात. अष्टमीला ओल्या वाळूत पाय कुठे पडतोय ते कळत नाही. मोजलं तर अर्ध्या चंद्राचा उजेड पूर्ण चंद्राच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भरतो. अष्टमीला तिथल्या जमिनीवर ऊन तिरपं पडतं, डोंगरांच्या आणि विवरांच्या सावल्या लांब पसरतात, आणि त्या सावल्या आपल्या वाट्याला येतात. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी, त्यामुळे तिथली प्रत्येक सावली वस्तूमागे दडते आणि धुळीचा कण न् कण उजेड सरळ आपल्याकडे परत फेकतो. म्हणून दुर्बिणीतून विवरं बघायची तर पौर्णिमेला नको, अष्टमीला बघा, उजेड-काळोखाच्या सीमेवर.

वह्या परत देताना कोळीवाड्यातला एक मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, "सर, आमच्याकडं हा आलेख महिन्यातून दोनदा वर जातो." वर्ग हसला. तो हसला नाही. अमावास्येला चंद्र दिसत नाही, पण समुद्राला त्याचं काय? उधाण पौर्णिमेलाही येतं आणि अमावास्येलाही, आणि दोन्ही अष्टम्यांना भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी. म्हणजे त्याच अंशांचा कॉस, पण कोन दुप्पट करून. मी फळ्यावर एक वक्र काढला, त्याच्यावर दुप्पट वेगाने खालीवर होणारा दुसरा काढला, आणि म्हटलं, हा तुझा. त्याने बघितलं आणि सांगितलं की उधाण पौर्णिमेच्या दिवशी नसतं, एक-दोन दिवस मागून येतं, तेव्हा वक्र जरा उजवीकडे सरकवा. सरकवला. मग भरतीची वेळ कशी काढता, असं विचारलं. तिथीची पाऊणपट, म्हणाला. चवथीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा ओलांडली की पुन्हा एकपासून.

साइन नाही, कॉस नाही, नुसता त्रैराशिकाचा हिशेब. मी खोड काढली. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा होते आणि पौर्णिमेची भरती बाराच्या आसपास असते. मग हा पाऊण तास गेला कुठे?

"तो मुद्दाम ठेवलाय सर," तो म्हणाला. "होडी काढायच्या आधी डिझेल भरायचं असतं, बर्फ चढवायचा असतो, इंजिन कधी लगेच धरतं कधी नाही. लवकर पोचलं तर चालतं. पाणी उतरल्यावर पोचलं तर चिखलात रुतून बसायला होतं, सहा तास."